तलावाचा वास क्लोरीनचा नसतो

पोहण्याच्या तलावाच्या दारातच नाकाला झोंबणारा वास आला की सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, "भरपूर क्लोरीन टाकलंय, पाणी स्वच्छ असणार." हा समज उलटा आहे. नीट राखलेल्या तलावाला वास जवळपास नसतोच. झोंबतात ती क्लोरामाइन्स. घाम आणि लघवी यांतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनची अभिक्रिया झाली की ती तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन चटकन हवेत उडतं; डोळे चुरचुरतात, खोकला येतो, तो मुख्यतः त्याच्यामुळे. म्हणजे वास येतोय याचा अर्थ बरंचसं क्लोरीन घाणीशी झुंजण्यात खर्ची पडलंय. पाण्यात उतरण्याआधी मिनिटभर शॉवरखाली उभं राहिलं तरी हा खर्च बराच वाचतो.

पण तलावाच्या पाण्यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. ब्लीचिंग पावडर टाका, द्रव हायपोक्लोराइट ओता किंवा क्लोरीन वायू सोडा, पाण्यात शेवटी तयार होतं हायपोक्लोरस आम्ल. जंतू मारायचं मुख्य काम त्याचं. आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीसुद्धा गिळलेले जंतू मारायला हेच आम्ल बनवतात! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

हे आम्ल सौम्य आहे. त्याचे काही रेणू हायड्रोजन आयन सोडून देतात आणि मागे उरतो ऋणभारित हायपोक्लोराइट आयन. जिवाणूच्या पेशीचा पृष्ठभागही ऋणभारितच. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे आयन दारातच अडतो. भार नसलेला रेणू मात्र सहज आत शिरतो आणि प्रथिनांची मोडतोड करतो. एकाच क्लोरीनची ही दोन रूपं, पण मारक शक्तीत कितीतरी पटींचा फरक.

कोणतं रूप किती, हे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. सामू 7.5 च्या आसपास असेल तर दोन्ही निम्मी-निम्मी. 7 ला सुमारे तीन चतुर्थांश आम्लरूपात, 8 ला जेमतेम एक चतुर्थांश, 8.5 ला साधारण एक दशांश. आणि तपासणीचा संच दोन्ही रूपं एकत्रच मोजतो. आकडा 2 पीपीएमचा (दहा लाख भागांत दोन भाग) दिसतो, पण सामू 8.5 असेल तर कामाचं क्लोरीन 0.2 च्या आसपास. म्हणून सामू 7.2 ते 7.8 मध्ये ठेवतात. त्याखाली गेला तर धातूचे भाग गंजू लागतात.

उघड्या तलावात हे गणित आणखी गुंततं. उन्हातल्या अतिनील किरणांनी तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन नष्ट होऊ शकतं, म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात. ते क्लोरीनला सैलसर धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं. ते जास्त झालं की मोकळं हायपोक्लोरस आम्ल उरतं फार थोडं. शिवाय ते सहजी विघटित होत नाही. ट्रायक्लोर, म्हणजे सायन्युरिक आम्ल असलेलं घन क्लोरीन, त्याच्या प्रत्येक गोळीबरोबर साठत जातं. मग थोडं पाणी काढून ताजं भरणं हाच साधा उपाय.

स्पाच्या टबात तर कुणी अल्कली न घालताही सामू चढतो. सोडावॉटरची बाटली उघडी ठेवली की गॅस जातो आणि आंबटपणा उतरतो, तसंच इथे घडतं. गरम पाण्यात बुडबुडे उसळत राहिल्याने विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कार्बोनिक आम्ल घटतं. सामू स्थिर राहावा म्हणून पाण्यात खाण्याचा सोडा घालून क्षारता, म्हणजे आम्ल सामावून घेण्याची पाण्याची क्षमता, 80 ते 120 पीपीएम राखतात, पण बुडबुड्यांच्या पाण्यात क्षारता जितकी जास्त तितका सामू वर सरकण्याचा जोर जास्त. त्यातून कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून पांढरा थर पहिल्यांदा हीटरवर बसतो.

"मिठाच्या पाण्याचा तलाव, क्लोरीनमुक्त" ही जाहिरात मला मनापासून खटकते. त्या यंत्रात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीनच तयार करतात. आणि लघवी केली की पाण्याला रंग चढवणारं रसायन तलावात टाकलेलं असतं, हीसुद्धा निव्वळ दंतकथा.

एक धोका मात्र खरा आहे: आम्ल आणि हायपोक्लोराइट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, विषारी क्लोरीन वायू निघतो.

तपासणीच्या नळीत डीपीडी या रंग दाखवणाऱ्या रसायनाची गोळी विरघळली की क्लोरीन असलेलं पाणी गुलाबी होतं. पण क्लोरीन फारच जास्त असेल तर ते तो रंगच उडवून टाकतं. नळीतलं पाणी रंगहीन राहतं, बघणाऱ्याला शून्य वाटतं आणि तो आणखी क्लोरीन ओततो. शंका आली तर नमुन्यात दहापट ऊर्ध्वपातित पाणी मिसळून पुन्हा तपासावं. मघाशी कोऱ्या दिसलेल्या त्याच पाण्याला आता गडद गुलाबी रंग चढतो.