हो-नाही कूटकथा

हो-नाही कूटकथा : एखाद्या गूढ मृत्यूची किंवा विचित्र घटनेची दोन-तीन वाक्यांत सांगितलेली अर्धवट हकीकत. तिचा उरलेला भाग ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारून उलगडायचा असतो, आणि सांगणाऱ्याने ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘गैरलागू’ एवढेच उत्तर द्यायचे असते. काही जण ‘प्रश्न चुकीचा आहे’ असे चौथे उत्तरही ठेवतात. प्रश्नातच एखादे खोटे गृहीत दडलेले असेल, तर ते उपयोगी पडते. खेळाला पट, सोंगट्या, पत्ते असे काहीच लागत नाही. लागतो तो खरे उत्तर ठाऊक असलेला आणि खोटे न बोलणारा एक माणूस.

मराठीतल्या जुन्या कोड्यांपेक्षा आणि हुमाणांपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. कोड्याचे उत्तर कोड्याच्या शब्दांतच लपलेले असते. विचार करणारा एकटा बसून ते काढू शकतो. कूटकथेत सांगितलेल्या वाक्यांवरून उत्तर निघत नाही, कारण महत्त्वाची माहिती मुद्दाम गाळलेली असते. ती प्रश्नांनीच बाहेर येते. म्हणून हा एकट्याचा खेळ नाही. बडोद्याच्या मराठी घरांत त्याला साजेशा जागा आणि वेळा पुष्कळ आहेत : दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या घरांच्या गच्च्या, कोजागिरीला दूध आटेपर्यंतचा वेळ, गणपतीतले जागरण, मुंबईकडे जाताना रेल्वेचे पाच-सहा तास.

बडोद्याच्या मातीतले एक उदाहरण घेऊ.

‘सकाळची वेळ. एक माणूस स्कूटरवरून चालला होता. अचानक तो कोसळला आणि गेला. गळा कापलेला होता. हातात हत्यार असलेला कोणीही रस्त्यावर नव्हता. त्याच सुमारास काही अंतरावर एक मुलगा आनंदाने ओरडला होता.’

विचारणारे साधारण असे जातात. त्याचा खून झाला का? नाही. अपघात का? हो. दुसऱ्या वाहनाची धडक बसली का? नाही. त्या मुलाचा याच्याशी संबंध आहे का? हो. मुलाने त्याला पाहिले होते का? नाही. मुलगा रस्त्यावर होता का? नाही. उंचावर होता का? हो. गळा धातूच्या वस्तूने कापला गेला का? नाही. काचेने? येथे सांगणारा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘काही अंशी हो.’ बडोदेकर असेल तर त्याला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. दिवस उत्तरायणाचा, 14 जानेवारीचा. मुलाच्या पतंगाने दुसऱ्याचा पतंग काटला, मुलगा ‘कायपो छे!’ (कापला!) म्हणून ओरडला आणि काटलेल्या पतंगामागून तरंगत आलेला काच लावलेला मांजा स्कूटरवाल्याच्या गळ्याला आडवा आला.

या कथेत रहस्य कशामुळे टिकते, ते पाहण्याजोगे आहे. सांगणाऱ्याने तारीख सांगितली असती, तर बडोद्यात, सुरतेत किंवा अहमदाबादेत ती दोन प्रश्नांत संपली असती. उत्तरायण जवळ आले की इथले लोक स्कूटरच्या हँडलला गळ्यापुढे येईल अशी वाकवलेली सळी बसवतात, इतका हा धोका ओळखीचा आहे. नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली, तीही अशाच जखमा आणि पक्ष्यांचे मृत्यू डोळ्यांसमोर ठेवून. पतंगाचा फारसा नाद नसलेल्या गावात मात्र हीच कथा अर्धा तास चालू शकते. कूटकथेची अवघडता कथेत कमी आणि ऐकणाऱ्याच्या गावात जास्त असते.

दुसरी गोष्ट शब्दांची. वरच्या कथेत ‘मारेकरी’ किंवा ‘खून’ हा शब्द कोठेही नाही. सांगणाऱ्याने तो वापरला असता, तर कथा अधिक चुरचुरीत झाली असती, पण खोटी झाली असती. गाळणे चालते, फसवणे चालत नाही, ही या खेळाची सीमा आहे. ती पाळणारा सांगणारा मिळाला, तर साधी कथाही रंगते. न पाळणारा मिळाला, तर उत्तर कळल्यावर ऐकणाऱ्यांना राग येतो, आणि तो राग रास्त असतो. मुरलेले खेळाडू म्हणूनच ‘हा खून आहे का?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारतात. खुनाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ कथांमध्ये खून नसतोच. काही कथांमध्ये माणूसही नसतो : राजा आणि राणी दिवाणखान्यात फरशीवर मरून पडले आहेत, भोवती पाणी आणि फुटलेली काच आहे, खिडकी उघडी आहे. वाऱ्याने भांडे पडले आणि त्यातले मासे तडफडून मेले. ‘ही माणसे आहेत का?’ असे विचारायला बहुतेकांना पंधरा-वीस प्रश्न लागतात, कारण मेंदूने त्यांना नाव ऐकताक्षणी माणूस ठरवून टाकलेले असते.

मराठीत हा खेळ खेळताना. जगात सांगितल्या जाणाऱ्या कूटकथा मराठीत जशाच्या तशा आणता येत नाहीत. मराठी क्रियापद लिंग सांगून टाकते. एक प्रसिद्ध कथा अशी : अपघातात वडील जागीच गेले, जखमी मुलाला शस्त्रक्रियेसाठी नेले, तर शल्यविशारद म्हणतात, ‘हा माझा मुलगा आहे.’ उत्तर एवढेच, की त्या त्याच्या आई आहेत. आता मराठीत ‘डॉक्टर म्हणाले’ लिहिले तर ते खोटे होते आणि ‘डॉक्टर म्हणाल्या’ लिहिले तर कोडे उरत नाही. वाट आहे ती ‘नी’ प्रत्ययाची. ‘डॉक्टरांनी सांगितले, मी याच्यावर शस्त्रक्रिया करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे.’ ‘सांगितले’ हे रूप कर्त्याकडे पाहत नाही आणि ‘शकत नाही’ या नकारात स्त्री-पुरुष कळत नाही. ‘शकतो’ किंवा ‘शकते’ म्हटले की कळते. मराठीत कूटकथा रचणाऱ्याने हे व्याकरण हाताशी ठेवावे. मृत्यूची वाक्येही ‘तो मेला’, ‘ती मेली’ यांऐवजी ‘प्रेत सापडले’ अशी फिरवता येतात.

विचारणाऱ्यांसाठी सर्वांत कामाचा शब्द ‘का’. तो वाक्याच्या शेवटी आला तर प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही. क्रियापदाच्या आधी आला तर उत्तर कारण. ‘तो पळाला का?’ चालतो, ‘तो का पळाला?’ चालत नाही. नवख्या मुलांना नियमांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा ‘का मागे ने’ एवढेच सांगितले तरी खेळ लगेच सुरू होतो.

नकारार्थी प्रश्न मात्र टाळावेत. ‘दार बंद नव्हते का?’ याला सांगणाऱ्याने ‘हो’ म्हटले, तर एकाला ‘हो, नव्हते’ असे ऐकू येते आणि दुसऱ्याला ‘हो, होते’. असा प्रश्न आलाच, तर सांगणाऱ्याने हो-नाही सोडून ‘होते’ किंवा ‘नव्हते’ म्हणावे. बडोद्यात यात आणखी एक गाठ पडते. इथली मराठी मुले दिवसभर गुजराती बोलतात आणि गुजरातीत ‘ना’ म्हणजे नाही; मराठीत ‘दार उघडे होते ना?’ यातला ‘ना’ होकाराची अपेक्षा करतो. प्रश्नात मराठी ‘ना’ आणि उत्तरात गुजराती ‘ना’ अशी देवघेव झाली, की दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतात आणि कथा भलतीकडे जाते. खेळाआधी उत्तराचे शब्द ठरवून घेणे हाच उपाय.

प्रश्नांचे गणित. हो-नाहीच्या एका प्रश्नाने शक्यतांचे दोन भाग पडतात. प्रत्येक वेळी बरोबर अर्धे अर्धे भाग पडले, तर 20 प्रश्नांत 10,48,576 शक्यतांतून एक वेचता येते. गणिती क्लॉड शॅनन यांनी 1948 साली माहितीशास्त्राची मांडणी केली, तिच्यातला ‘बिट’ म्हणजे असे एक अर्ध्यावर आणणारे उत्तर. म्हणून ‘त्याला बायकोने मारले का?’ हा सुरुवातीचा प्रश्न वाईट आणि ‘दुसऱ्या कोणाच्या कृतीमुळे तो मेला का?’ हा चांगला. पहिल्याला ‘नाही’ आले तर हाती जवळजवळ काही लागत नाही. दुसऱ्याला काहीही आले तरी रान निम्मे होते. अर्थात कूटकथेतल्या शक्यता अंकांसारख्या ओळीने मांडलेल्या नसतात. खरे उत्तर ज्या खोलीत असते, ती खोली विचारणाऱ्याच्या नकाशावरच नसते, आणि तेव्हा ‘गैरलागू’ हे उत्तर पुष्कळदा ‘हो’पेक्षा जास्त शिकवते.

खोट्याची किंमतही गणिताने काढलेली आहे. गणिती स्टॅनिस्लाव उलाम यांनी 1976 साली प्रश्न मांडला : एक ते दहा लाखांतली संख्या हो-नाहीने ओळखायची आहे आणि उत्तर देणाऱ्याला एकदा खोटे बोलण्याची मुभा आहे, तर किती प्रश्न लागतील? खोटे नसेल तर 20 पुरतात. एका खोट्यासाठी 25 लागतात, हे 1987 साली सिद्ध झाले. कोणत्या उत्तरात खोटे होते हे ठाऊक नसल्यामुळे सगळ्याच उत्तरांवर संशय ठेवून चालावे लागते. हंगेरीचे गणिती आल्फ्रेड रेन्यी यांनी असाच विचार आधी केला होता. मनात धरलेली गोष्ट हो-नाहीच्या वीस प्रश्नांत ओळखायच्या खेळाला त्यांच्या देशात ‘बारकोखबा’ म्हणतात. रोमनांविरुद्ध उठलेल्या यहुदी सेनानीचे ते नाव. दंतकथा अशी, की शत्रूने जीभ आणि हात तोडलेला एक माणूस त्याच्यापुढे आला. बोलता येत नाही, लिहिता येत नाही. सेनानीने त्याला फक्त मान हलवून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारले आणि सगळी बातमी काढून घेतली.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर एक आठवण सांगत. वीस प्रश्नांच्या खेळात शब्द ओळखण्याची पाळी त्यांची होती, आणि ते खोलीबाहेर असताना मित्रांनी कोणताच शब्द ठरवायचा नाही असे ठरवले. अट एवढीच, की प्रत्येक उत्तर आधीच्या सर्व उत्तरांशी जुळले पाहिजे. उत्तरे यायला अधिकाधिक वेळ लागत गेला आणि शेवटी ‘ढग’ हा शब्द सर्वांना मान्य करावा लागला. व्हीलर यांनी हे पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) समजावण्यासाठी सांगितले. कूटकथेच्या सांगणाऱ्याने मात्र हे कधी करू नये.

प्रसार. रुळलेली वाट सोडून आडबाजूने विचार करण्याला एडवर्ड डी बोनो यांनी 1967 साली ‘लॅटरल थिंकिंग’ असे नाव दिले आणि पुढे या कोड्यांनाही तेच नाव चिकटले. 2004 साली जर्मनीत होल्गर ब्योश यांचा ‘ब्लॅक स्टोरीज’ हा 50 पत्त्यांचा संच आला. पत्त्याच्या एका बाजूला कथा, दुसऱ्या बाजूला उलगडा. जपान आणि चीनमध्ये या प्रकाराला ‘कासवाचे सूप’ म्हणतात. त्यामागची कथा : एक माणूस खाणावळीत कासवाच्या सूपाचा घोट घेतो, हे खरेच कासवाचे आहे ना म्हणून विचारतो, आणि घरी जाऊन जीव देतो. पूर्वी जहाज फुटून अडकला असताना सोबत्यांनी त्याला जे ‘कासवाचे’ म्हणून पाजले होते, त्याची चव अशी नव्हती. ते काय होते, हे त्याला त्या घोटाने कळले. चिनी खेळाडू सांगितलेल्या भागाला सूपाचा पृष्ठभाग आणि लपलेल्या भागाला सूपाचा तळ म्हणतात. सेव उसळीवर वाढलेल्या बडोद्याला यासाठी शब्द शोधावा लागणार नाही : वर तर्री, खाली उसळ. आत्महत्येच्या आणि नरमांसाच्या अशा कथा लहान मुलांसमोर किंवा घरात ताजे दुःख असताना सांगू नयेत.

बडोद्याचा विषप्रयोग. या शहराच्या इतिहासातच एक प्रकरण असे आहे, की ते कूटकथा म्हणून सांगण्याचा मोह होतो. 9 नोव्हेंबर 1874 रोजी ब्रिटिश रेसिडेंट (संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) कर्नल रॉबर्ट फेर सकाळचा फेरफटका आटोपून परतले, रोजच्याप्रमाणे ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून बाकीचे ओतून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ होता. तपासणीत त्यात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली. महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर नोकरांकरवी विष घातल्याचा आरोप आला. फेब्रुवारी 1875 मध्ये आयोगापुढे चौकशी सुरू झाली. आयोगात सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेलव्हिल हे तीन इंग्रज आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग व सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सभासद होते. महाराजांच्या बाजूने वकील विल्यम बॅलंटाइन यांना इंग्लंडहून आणले गेले आणि त्यांनी साक्षीदारांची कडक उलटतपासणी केली.

उलटतपासणी दिसायला कूटकथेसारखीच असते. साक्षीदाराच्या तोंडी उत्तर सुचवणारा, हो-नाहीवर आणणारा सूचक प्रश्न आपल्याकडच्या पुरावा कायद्यात सरतपासणीत (साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाने केलेल्या तपासणीत) सहसा विचारता येत नाही, उलटतपासणीत येतो. कूटकथेत सगळेच प्रश्न सूचक. पण न्यायालयात समोरचा साक्षीदार एका तुकड्यापुरताच जाणता असतो, आणि बडोद्याच्या या प्रकरणात तर आरोपाचा मुख्य भार स्वतः कटात असल्याची कबुली देणाऱ्या नोकरांच्या साक्षींवर होता. सगळे ठाऊक असलेला, खोटे न बोलणारा सांगणारा त्या खोलीत नव्हता, आजही नाही. म्हणून हे प्रकरण गच्चीवर हो-नाहीला घेतले, तर काही प्रश्नांपर्यंतच नीट चालते. सरबत पपनसाचे होते का? हो. त्यात सोमल होता का? हो. फेर मेले का? नाही. विष महाराजांनी घालायला लावले का? तीन इंग्रज सभासदांनी हो म्हटले. तिघा हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध झाला नाही असे मत दिले. एप्रिल 1875 मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले, पण कारण गैरकारभाराचे दिले, विषाचे नाही.