तळहाताएवढा दिवा आणि कुंकवाचा लाल

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट कुणाकडे शिल्लक असेल तर बघा. नवरा-नवरी बहुतेक वेळ डोळे बारीक करून बसलेले दिसतील. व्हिडिओवाल्याचा पोरगा हजार वॅटचा हॅलोजन, म्हणजे त्यांचा ‘सनगन’, हात उंच करून धरायचा आणि दुसरा कुणीतरी मागे वायरचं भेंडोळं सांभाळायचा. अंतरपाट दूर होईपर्यंत नवरीचा मेकअप घामाने ओघळलेला असायचा. आज त्याच कामाला तळहातात मावणारं एलईडी पॅनेल पुरतं. दहा वॅटचं, आत लिथियमची बॅटरी, वायर नाही. विजेची गरज शंभर पटींनी उतरली. मग बाकीचे नऊशे नव्वद वॅट करत काय होते?

बरेचसे नवरीला भाजत होते. हॅलोजनमध्ये टंगस्टनची तार सुमारे तीन हजार केल्विनपर्यंत तापते आणि तापली म्हणून उजळते. एवढ्या तापमानाला निघणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा डोळ्यांना दिसतो, उरलेला जवळपास सगळा अवरक्त, म्हणजे नुसती उष्णता. एलईडीत काहीच तापवून उजळवायचं नसतं. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खाली येतो आणि मधला फरक प्रकाशकण म्हणून बाहेर पडतो. फरक केवढा, यावर रंग ठरतो. निक होलोन्याक यांनी लाल एलईडी १९६२ मध्येच दाखवला होता, पण निळ्यासाठी तीस वर्षं थांबावं लागलं, कारण गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणं कुणाला साधत नव्हतं. नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो, आणि निचिया या जपानी कंपनीत शुजी नाकामुरा यांनी ते साधलं. भरपूर उजेड देणारा निळा एलईडी १९९३ मध्ये आला, त्यावर पिवळा लेप देऊन केलेला पांढरा १९९६ मध्ये, आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

एलईडीलाही उष्णता चुकलेली नाही. त्याला दिलेल्या विजेतलाही मोठा भाग उष्णताच होतो, फक्त ती समोरच्या माणसावर न पडता चिपच्या पाठीमागे साचते. म्हणून या दिव्यांची पाठ धातूची असते आणि पूर्ण ब्राइटनेसवर दहा मिनिटं चालवला की धरणाऱ्याचा हात तापतो. घाम आता नवरीऐवजी फोटोग्राफरला.

तरीही हिशेब पुरता जुळत नाही. हजार वॅटचा हॅलोजन साधारण वीस ते पंचवीस हजार ल्युमेन प्रकाश देतो. आपलं दहा वॅटचं पॅनेल फार तर हजार. म्हणजे प्रकाश वीसेक पटींनी कमीच आहे. ती तूट दोन ठिकाणी भरून निघते. एक, कॅमेऱ्याचा सेन्सर. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० वरून ३२०० वर नेली की बत्तीस पट कमी उजेडात तेवढाच उजळ फोटो येतो, आणि आजच्या साध्या कॅमेऱ्यालाही ते फारसं जड जात नाही. छोट्या दिव्यांचं कौतुक करताना हे निम्मं श्रेय आपण हमखास विसरतो. दोन, अंतर. आणि माझ्या मते या दिव्यांचं सगळं मर्म तिथेच आहे.

दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा उरतो, तिप्पट केलं की नववा. हा व्यस्त वर्गाचा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. आता आकडे घालून बघा. हजार ल्युमेनचं उघडं पॅनेल अर्ध्या मीटरवर साधारण बाराशे लक्स (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) उजेड टाकतं, एका मीटरवर तीनशे, दोन मीटरवर पंचाहत्तर. ट्यूबलाइट लावलेल्या घरातल्या खोलीत शंभर-दोनशे लक्स असतातच. म्हणजे खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातून लावलेला छोटा दिवा ट्यूबलाइटमध्ये विरघळून जातो, आणि तोच चेहऱ्याजवळ आणला की ट्यूबलाइटला गप्प बसवतो. ‘उजेड पडत नाही’ अशी तक्रार करणारे बहुतेक लोक दिवा कॅमेऱ्यावर चढवून दीड-दोन मीटरवरून फोटो काढत असतात. दिवा कॅमेऱ्यावरून काढून हातात घ्यायचा आणि फ्रेममध्ये दिसणार नाही इतपत जवळ न्यायचा. मोठा दिवा विकत घेण्याआधी हे एवढं करून बघावं.

जवळ नेण्याचा आणखी एक फायदा आहे. दिवा चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर आणि मागची भिंत दिव्यापासून अडीच मीटरवर असेल, तर अंतराचं प्रमाण पाच पट आणि उजेडाचं पंचवीस पट. कॅमेरा चेहऱ्यासाठी जुळवला आणि ट्यूबलाइट मालवली की भिंतीवरचं कॅलेंडर, कपड्यांनी लादलेली खुर्ची आणि इन्व्हर्टर अंधारात गडप. काळा पडदा लागत नाही. हाच नियम दोन माणसांच्या फोटोत मात्र उलटतो: एक अर्ध्या मीटरवर, दुसरा एका मीटरवर, आणि दुसऱ्याच्या वाट्याला पहिल्याच्या पाव उजेड.

आता ‘कडक लाइट’, ‘सॉफ्ट लाइट’ याकडे. नाकाखालची सावली धारदार पडेल की हळूहळू विरत जाईल, हे दिव्याच्या वॅटवर ठरत नाही. तो दिवा चेहऱ्यावरून केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्याचा व्यास जवळपास चौदा लाख किलोमीटर, पण पंधरा कोटी किलोमीटरवरून तो आकाशाचा अर्धा अंशच व्यापतो. म्हणून दुपारच्या उन्हात सावल्या सुरीने कापल्यासारख्या. दहा सेंटिमीटरचं पॅनेल एका मीटरवरून जवळजवळ सहा अंश दिसतं, तीस सेंटिमीटरवरून एकोणीस. म्हणजे आपला पिटुकला दिवा चेहऱ्यापुरता सूर्याहून पुष्कळ मोठा. अजून मऊ प्रकाश हवा असेल तर दिवा आणि चेहरा यांच्यामध्ये फूट-दीड फुटाचा बटर पेपर ताणून धरावा, किंवा दिव्याचं तोंडच पांढऱ्या भिंतीकडे वळवावं. अर्ध्याहून जास्त उजेड त्यात वाया जातो, पण आता प्रकाश देणारी वस्तू दिवा नसून तो कागद किंवा ती भिंत असते. दिव्यासोबत मिळणारी दुधी प्लास्टिकची टोपी हे काम करत नाही. ती दिव्याएवढीच असते. आतल्या पन्नास-साठ बारक्या एलईडींच्या वेगवेगळ्या सावल्या एकमेकींत मिसळणं एवढाच तिचा उपयोग, आणि डब्यावर मात्र ‘सॉफ्ट लाइट’ ठळक छापलेलं असतं.

खरी गोम रंगात आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत निळी चिप असते, सुमारे ४५० नॅनोमीटरची, आणि तिच्यावर फॉस्फरचा पिवळा लेप. थोडा निळा तसाच बाहेर येतो, बाकीचा लेपात शोषला जाऊन हिरवा-पिवळा-लाल असा पसरट होऊन बाहेर पडतो, आणि डोळ्याला दोन्ही मिळून पांढरं वाटतं. हे बघायला प्रयोगशाळा नको. अडगळीतली जुनी सीडी काढा, खोलीत अंधार करा आणि दिव्याचं प्रतिबिंब सीडीच्या चकचकीत बाजूवर तिरकं घ्या. सीडीवरच्या बारीक चऱ्या प्रकाशाचे रंग सुटे करतात. एक ठसठशीत निळा पट्टा, लगेच निळ्या-हिरव्याच्या जागी एक मंद खळगा, मग हिरवा, पिवळा, नारिंगी. दिवा स्वस्तातला असेल तर लालापर्यंत जाता जाता पट्टा मरगळतो. रंग बदलणारा आरजीबी दिवा पांढऱ्यावर ठेवून धरलात तर लाल, हिरवा आणि निळा असे जवळजवळ तीन सुटे पट्टे दिसतील आणि मध्ये अंधार. शेजारी मेणबत्ती लावून बघा: कुठेच खंड नाही.

पट्ट्यात जो रंग नाही तो वस्तूवरून परत येणार कुठून? कुंकवाचा करंडा अशा दिव्याखाली धरला की कुंकू तपकिरी दिसतं, डाळिंबी शालू वीट होतो. आणि चेहरा आजारी दिसतो. त्वचेखालच्या रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-पिवळा प्रकाश गिळतं आणि लाल परत पाठवतं. मेलॅनिनही निळा जास्त आणि लाल कमी शोषतं. त्यामुळे माणूस गोरा असो की सावळा, त्याच्या त्वचेवरून येणाऱ्या प्रकाशात लालाचाच वरचष्मा असतो. दिव्यात तोच अशक्त असेल तर तजेला येणार कसा? व्हाइट बॅलन्स फिरवून एकूण झाक बदलता येते, पण जो लाल मुळात पडलाच नाही तो सॉफ्टवेअर आणणार कुठून. ते फक्त अंदाजाने रंग फासतं.

डब्यावर ‘सीआरआय’चा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा, आकडा असतो तो याच तपासणीचा. ही पद्धत १९६५ सालची आणि तिच्यात एक मोठी पळवाट आहे. तो आकडा आठ नमुना-रंगांची सरासरी असतो, आणि हे आठही फिकट, सौम्य रंग आहेत. गडद लाल हा नववा नमुना, आर-नाइन, सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे सीआरआय ऐंशी मिरवणाऱ्या साध्या दिव्याचा आर-नाइन शून्याच्या आसपास असू शकतो, कधी शून्याच्याही खाली. म्हणून फोटोसाठी दिवा घेताना वॅट आणि ल्युमेन नंतर विचारावेत, आधी आर-नाइन विचारावा. नव्वदच्या वर असेल तर उत्तम. दुकानदार गोंधळला तर खिशातली कुंकवाची डबी आधी दिव्याखाली आणि मग दाराशी दिवसाच्या उजेडात धरून बघायला काय हरकत आहे? युरोपीय ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१२ मध्ये माणसाच्या डोळ्याऐवजी कॅमेऱ्याच्या नजरेतून मोजणारा टीएलसीआय हा निर्देशांक पुढे आणला. तो दिलेला असेल तर जास्त भरवशाचा.

व्हॉट्सअॅपवर पैठण्या विकणाऱ्यांना हे विशेष लागू. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलवताना रंग पालटतो, त्यालाच धूपछाँव म्हणतात. हे दोन्ही रंग टिपायचे तर दिवा समोरून लावून उपयोग नाही. तो कापडाच्या कडेने, जवळजवळ आडवा धरायचा. मग एका बाजूने उठलेले धागे उजळतात, जरीचे काठ एकदम पेटतात आणि विणीचा कणन् कण दिसतो. ‘फोटोत वेगळा रंग होता’ म्हणून परत येणाऱ्या साड्यांमागे कित्येकदा रंगाऱ्याचा दोष नसून दिव्याचा असतो. आणखी एक पथ्य: पिवळ्या बल्बच्या खोलीत ५,६०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, दिवा लावला तर साडी निळसर आणि भिंत पिवळी असा सावळा गोंधळ होतो. बल्ब तरी मालवा, नाहीतर दिवा बल्बच्या जवळपास, तीन हजारांच्या आसपास आणा.

लुकलुकीचं थोडक्यात. स्वस्त दिवे ब्राइटनेस कमी करताना प्रकाश मंद करत नाहीत, तो सेकंदात शेकडो वेळा बंद-चालू करतात. डोळ्याला कळत नाही, पण मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी उजेडात आणि काही अंधारात सापडून फोटोवर आडवे पट्टे उमटतात. ब्राइटनेस अगदी खाली आणून दिव्यासमोर पेन जोरात हलवा. एका पेनाची पुसट रेघ दिसण्याऐवजी सुटी सुटी अनेक पेनं दिसली तर तो दिवा व्हिडिओच्या कामाचा नाही.

आणि फ्लॅश? तो मोडीत निघाला असं समजू नका. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पूर्ण ताकदीला साठेक ज्यूल ऊर्जा क्षणात ओततो. दहा वॅटचा एलईडी सेकंदाच्या शंभराव्या भागात देतो एक दशांश ज्यूल. एलईडी दर ज्यूलमागे जास्त प्रकाश देतो हे धरूनही फरक शेकडो पटींचा. लेझीम खेळणारी पोरं किंवा उडणारा पाण्याचा थेंब गोठवायचा तर फ्लॅशच हवा. कमी ताकदीवर त्याची चमक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही छोटी असते. पण नथ, मोदकाचं ताट, जुनं नाणं यांना कुठे जायची घाई नसते. ट्रायपॉड लावा, शटर सहा सेकंद उघडं ठेवा: दहा वॅट गुणिले सहा, साठ ज्यूल. फ्लॅशशी बरोबरी झाली. शिवाय सावली कुठे पडते ते आधीच दिसतं, दिवा बोटभर सरकवून पुन्हा बघता येतं. शिकणाऱ्याला म्हणूनच मी फ्लॅशआधी एलईडी घ्यायला सांगतो.

भर दुपारी मात्र याचं काही चालत नाही. उन्हात लाखभर लक्स असतात. अर्ध्या मीटरवरून बाराशे लक्सची भर घातली काय आणि न घातली काय. तिथे डोळ्यांखालच्या सावल्या भरायला पांढरं कार्डशीट ऊन परतवेल असं धरावं. त्यातून मिळणारा उजेड या दिव्याच्या कितीतरी पट असतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही.