रॅमला खोडरबर का लावतात आणि सीपीयूच्या पिना कुठं गेल्या: सॉकेटची पार्श्वभूमी

डिस्प्ले येत नाही म्हणून कुणी पीसी घेऊन आलं की सांगली-मिरजेतला कुठलाही रिपेअरवाला पहिलं काम तेच करतो, रॅम काढतो, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासतो, परत दाबून बसवतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर मशीन चालू होतंय. गिऱ्हाईक म्हणतं, एवढंच होतं होय? हो, एवढंच होतं, धातूला धातू नीट टेकत नव्हता. पण धातूला धातू नीट टेकवायचा कसा, यावर कितीतरी इंजिनिअर लोकांचं आयुष्य गेलंय आणि त्याबद्दल मराठीत फार कुणी लिहीत नाही म्हणून हे लिहायला घेतलं. परवा दुकानात पीसी जुळवायला आलेल्या कॉलेजच्या पोरानं विचारलं, काका, जुन्या सीपीयूला, म्हणजे प्रोसेसरच्या चिपला, खाली पिना असायच्या त्या आता बोर्डात कशा काय आल्या? उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगितलं त्याला, पण ते अर्धवटच झालं.

सुरुवात टेकण्यापासूनच करू. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्याला कितीही गुळगुळीत दिसले तरी बारीक बघितलं तर डोंगरदऱ्या असतात, आणि एकावर एक ठेवले की फक्त काही शिखरं एकमेकांना भिडतात, बाकी सगळी मोकळी हवा. करंट जो काय जायचा तो त्या थोड्या ठिपक्यांतून. रॅग्नार होल्म नावाच्या शास्त्रज्ञानं गेल्या शतकात हा विषय पद्धतशीर मांडला आणि आजही कॉन्टॅक्टचं गणित त्याच पायावर चालतं. दाब वाढवला की शिखरं चेपतात, ठिपके मोठे होतात, वर धरलेला ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो, रेझिस्टन्स उतरतो. म्हणजे सॉकेट, चिप ज्यात बसवतात ती बैठक, बनवणाऱ्यापुढं पहिल्या दिवसापासून प्रश्न एकच, दाब आणायचा कुठनं आणि तो प्रत्येक पिनेला सारखा वाटायचा कसा. पुढची सगळी गोष्ट या एका प्रश्नाचीच आहे असं माझं मत आहे.

सॉकेट मुळात आलं ते व्हॉल्व्हमुळं. जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी, बल्बसारखा जळायचा, मग तो उपसून नवा लावता यायला पाहिजे. १९३५ च्या सुमाराला आठ पिनांचा ऑक्टल बेस आला, मध्ये प्लॅस्टिकची खुंटी आणि त्या खुंटीला एक कंगोरा, त्यामुळं अंधारात लावला तरी उलटा बसायचा नाही. पिन १ कुठली हे दाखवायला आज सीपीयूच्या कोपऱ्यात जो छोटा त्रिकोण असतो तो त्याच घराण्यातला.

मग चिप आली. १९६४ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेलं १४ पायांचं पॅकेज तयार झालं, आपण ज्याला डीआयपी म्हणतो ते, दोन पायांत अंतर २.५४ मिलिमीटर म्हणजे बरोबर इंचाचा दहावा भाग. १९७१ चा इंटेलचा ४००४ हा १६ पायांचा, १९७८ चा ८०८६ हा ४० पायांचा, आणि मोटोरोलाचा ६८००० तर ६४ पायांचा, आठ सेंटिमीटर लांब, हातात धरला की फूटपट्टीचा तुकडा धरल्यासारखं वाटायचं. या चिपांच्या सॉकेटात प्रत्येक पायाला दोन्हीकडनं चिमटणारी पत्र्याची स्प्रिंग असायची, चिप अंगठ्यानं दाबून बसवायची आणि काढताना एक बाजू आधी उचलली गेली की पाय वाकलेच.

आणि त्या सॉकेटात चिप हळूहळू वर सरकायची. मशीन तापलं की धातू पसरतो, बंद केलं की आकसतो, रोज असं होत होत चिप केसाकेसानं बाहेर येते आणि एक दिवस कॉन्टॅक्ट सुटतो. १९८० च्या ॲपल थ्री कॉम्प्युटरला हा त्रास इतका झाला की तो दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा असा सल्ला लोकांना दिला जायचा, कारण आपटल्यावर चिपा परत खाली बसायच्या. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत जुना बोर्ड आला की आधी सगळ्या सॉकेटातल्या चिपांवरनं अंगठा फिरवायचा, ही आमच्या उस्तादांची शिकवण होती, कर्र असा बारीक आवाज आला की समजायचं ही चिप सुटली होती.

आता सोन्याकडं येतो, कारण हा भाग आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना लवकर कळेल. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई बांधव देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, माझे एक मामा त्यातलेच, भट्टी केरळात. सुट्टीला गावी आले की माझ्याकडनं जुने सीपीयू मागून घ्यायचे आणि हातात वजन करत म्हणायचे, "ह्यात हाय बघ, ह्यो नवा रिकामा हाय." त्यांना प्रोसेसरचं नावगाव माहीत नव्हतं पण अंदाज बरोबर असायचा, सिरॅमिकच्या जुन्या पॅकेजांत सोनं भरपूर, आणि १९९५ चा पेंटियम प्रो तर भंगारवाल्यांत आजही नावाजलेला.

सोनंच का, तर त्याला गंज धरत नाही, पापुद्रा नाही, त्यामुळं थोड्या दाबावरही कॉन्टॅक्ट चांगला मिळतो. १९७१ पर्यंत अमेरिकेत सोन्याचा सरकारी दर औंसाला ३५ डॉलरच्या आसपास बांधलेला होता, मग तो बंध सुटला आणि जानेवारी १९८० मध्ये भाव ८५० डॉलरपर्यंत गेला. कनेक्टरवाल्यांची झोप उडाली. तेव्हापासून सोनं सगळ्या पिनेला न लावता फक्त जिथं टेकणार तेवढ्या टोकालाच लावायचं यावर जोर आला, खाली निकेलचा थर द्यायचा म्हणजे आतलं तांबं सोन्यातनं वर येत नाही, आणि वर सोनं अर्ध्या-पाऊण मायक्रॉनचं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाएवढी सोन्याची साय. म्हणून सांगतो, खोडरबर जोर लावून पुन्हापुन्हा घासू नका, मळ निघतो तसं सोनंही निघतं आणि एकदा निकेल उघडं पडलं की ते परत घासून बरं होत नाही. काहींनी सोन्याच्या जागी कथील वापरून बघितलं, ते स्वस्त पण बारीक थरथरीनं घासून काळं पडतं, सिम (SIMM) नावाच्या जुन्या रॅमपट्ट्यांच्या काळात सोन्याची रॅम कथलाच्या सॉकेटात घालू नका असं म्हणायचे ते यामुळंच.

पाय वाढत गेले तशी दोन रांगांची सोय संपली. १९८५ चा इंटेलचा ३८६ हा १३२ पिनांचा, १९८९ चा ४८६ हा १६८ पिनांचा, पिना खालून चौकोनी जाळीत, म्हणजे पीजीए. आणि इथं दाबाचा प्रश्न अंगावर आला. १६८ पिना, प्रत्येक पिनेला चिमटा, सगळ्या एकदम आत ढकलायला साध्या सॉकेटात ४०-४५ किलोचा जोर लागायचा! बोर्ड खाली वाकायचा, ट्रॅक तुटायचे. त्यावर उपाय म्हणजे झिफ, जोर न लावता बसणारं सॉकेट, बाजूला दांडी असलेलं. दांडी वर असताना भोकं मोकळी, पिना नुसत्या वजनानं आत पडतात, दांडी खाली केली की वरचं प्लॅस्टिकचं झाकण थोडं सरकतं आणि प्रत्येक पिनेला बाजूनं स्प्रिंगवर रेटतं. जोर गेला नाही, तो तरफेत गेला. ही कल्पना टेस्टिंगच्या सॉकेटांत आधीपासून होती, ४८६ आणि पेंटियमनं ती घराघरात आणली.

मला स्वतःला सॉकेट ७ चा काळ सगळ्यात आवडतो. ३२१ भोकं, इंटेलचा पेंटियम बसायचा, एएमडीचा के६ बसायचा, सायरिक्स कंपनीचाही बसायचा, गिऱ्हाईकाच्या खिशाप्रमाणं चिप लावता यायची. १९९७ ला पेंटियम टू आला तो उभ्या कार्डावर, २४२ कॉन्टॅक्टच्या स्लॉटमध्ये, कारण कॅश, म्हणजे प्रोसेसरला हाताशी लागणारी वेगवान मेमरी, वेगळ्या चिपांत होती आणि तिला प्रोसेसरशेजारीच ठेवायचं होतं. एएमडीनं १९९९ मध्ये तसाच दिसणारा स्लॉट ए काढला पण एकाचं कार्ड दुसऱ्यात चालायचं नाही. कॅश चिपच्या आत मावायला लागली आणि स्लॉट दोन-तीन वर्षांत गेले, चिप परत सपाट झाली.

२००४ ला इंटेलनं पोराच्या प्रश्नातलं ते पाऊल उचललं, एलजीए ७७५. चिपखाली नुसत्या सोनेरी टिकल्या, आणि पिना म्हणजे खरं तर वाकड्या बोटासारख्या स्प्रिंगा, त्या बोर्डावरच्या सॉकेटात. कारणं दोन-तीन एकत्र आली. उभी लांब पिन म्हणजे करंटला लांब रस्ता, आणि आजचा प्रोसेसर एक-सव्वा व्होल्टवर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, तोही एका क्षणात कमी-जास्त करत, तिथं रस्ता जेवढा आखूड तेवढा बरा, म्हणूनच कॉन्टॅक्टांतले शेकड्यानं फक्त पॉवर आणि ग्राउंडचे असतात. शिवाय टिकल्या जवळजवळ बसवता येतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट, पिन मोडली तर महाग प्रोसेसर वाचतो, नुकसान बोर्डाचं होतं.

कुपवाड एमआयडीसीत प्रेस टूलचं काम करणाऱ्यांना यातली मेहनत लगेच कळेल. तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी प्रोग्रेसिव्ह डायमधनं जाते, ठोक्याठोक्यानं कापत वाकवत ती छोटी बोटं तयार होतात, पट्टीवर असतानाच टोकाला सोनं चढतं, मग प्लॅस्टिकच्या घरात एकेक बोट ओवलं जातं आणि खाली सोल्डरचे गोळे. पुढं हे सगळं सोल्डरच्या भट्टीतनं २४०-२५० अंशांतनं जातं, तिथं प्लॅस्टिक जरा जरी पिळलं तरी एका कोपऱ्यातली बोटं वर आणि दुसऱ्या कोपऱ्यातली खाली.

या बोटांची नजाकत मी ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर बघितली. सांगलीत कृष्णा नदी इर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली होती, पाणी उतरल्यावर दुकानात गाळानं भरलेल्या मशिनांची रांग. जुन्या पीजीए सॉकेटांच्या भोकांत गाळ असा बसला होता की बरीच सोडून द्यावी लागली. एलजीए उघडं असतं, डिस्टिल्ड पाण्यानं आणि मग आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) निथळता येतं, पण कापड किंवा ब्रश लावायचा नाही, एक धागा अडकला की चार बोटं उपसतात. बोर्ड टेबललँपखाली तिरका धरायचा आणि भिंगातनं बघायचं, सगळ्या टोकांवर उजेडाची एक सरळ ओळ चमकते, आणि जिथं ती ओळ तुटते तिथलं बोट वाकलेलं. शिवणाच्या सुईनं ते उचलताना श्वास रोखूनच धरावा लागतो.

एका बोटाला वीस-पंचवीस ग्रॅम दाब धरला तरी १७०० बोटांचे ३५-४० किलो होतात, ४८६ च्या वेळचा तो जुनाच आकडा फिरून आला. २०२१ चं एलजीए १७०० लांबट झालं आणि लोखंडी चौकट त्याला दोन बाजूंनी मध्यावरच दाबते, त्यामुळं चिप थोडी वाकते, लोक वेगळी फ्रेम घेऊन लावतात ती त्यासाठी. एएमडी नेहमीच्या डेस्कटॉपला पिना धरून होती, २०२२ च्या एएम५ ला तिनंही त्या सोडल्या, १७१८ टिकल्या. सर्व्हरच्या चिपा तर सहा हजार कॉन्टॅक्टच्या पुढं गेल्यात.

त्याआधी २०१७ च्या थ्रेडरिपरच्या, म्हणजे एएमडीच्या जड कामाच्या मोठ्या प्रोसेसरच्या, डब्यात कंपनीनं टॉर्कचा, म्हणजे ठरावीक जोरालाच आवळणारा, स्क्रूड्रायव्हर दिला होता. ४०९४ कॉन्टॅक्ट, चौकटीवर १, २, ३ असे आकडे छापलेले, त्याच क्रमानं तीन स्क्रू आवळायचे, काढताना उलट्या क्रमानं, आणि कट्ट असा आवाज आला की थांबायचं. त्या पोराला मी तो स्क्रूड्रायव्हर हातात दिला आणि दुकानातल्या एका बंद पडलेल्या बोर्डावर तीनदा आवळून बघायला लावला.