कमिटीची निवडणूक आणि सहयोगी सभासद: आधी संमतीपत्र, मग फॉर्म

ज्या सोसायट्यांचे हिशेब आणि सभासद नोंदवही आम्ही सांभाळतो, तिथे निवडणूक लागली की एक फोन हमखास येतो. "फ्लॅट बाबांच्या नावावर आहे, राहतो मी, मेंटेनन्सही मीच भरतो. मला उभं राहता येईल ना?" येईल. पण आधी दोन कागद पाहू द्या.

पहिला कागद शेअर सर्टिफिकेट. तुम्ही सहमालक असाल आणि त्यावर तुमचं नाव दुसरं असेल, तर तुम्ही सहयोगी नव्हे, संयुक्त सभासद. पहिलं नाव ज्याचं, तो गैरहजर असेल तेव्हा मत तुमचं. २०१९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम १५४-ब आलं, त्यात हा फरक स्पष्ट केला आहे. तरी जुन्या सवयीने दोघांनाही 'असोसिएट'च म्हणतात. सहयोगी म्हणजे मूळ सभासदाच्या लेखी शिफारशीवरून रीतसर दाखल झालेला जवळचा नातेवाईक: पती-पत्नी, आई-वडील, भावंडं, मुलं, जावई, सून, पुतणे-भाचे. भाडेकरू यात बसत नाही, कितीही जुना असला तरी.

दुसरा कागद संमतीपत्र, आणि घोळ होतो तो इथेच. सहयोगी सभासदाला मत द्यायचं किंवा उभं राहायचं तर मूळ सभासदाची आधी घेतलेली लेखी संमती लागते. सहयोगी सभासदत्वाचा अर्ज मंजूर झाला म्हणजे सगळं झालं, असं समजून लोक निवांत राहतात. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी कळतं की बाबा गावी आहेत. मग व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा आवाज ऐकवला जातो, आणि शेवटी आम्हाला सांगितलं जातं, "मागची तारीख टाकून द्या ना."

ते आम्ही करत नाही. यावरून काहीजण नाराज होतात, पण हरलेला उमेदवार सगळ्यात आधी तारीखच तपासतो आणि प्रकरण सहकार न्यायालयात जातं. तिथे आवक रजिस्टर, म्हणजे सोसायटीत आलेल्या पत्रांची नोंदवही, मागवलं की तुमची निवड आणि सेक्रेटरींची अब्रू, दोन्ही अडचणीत.

पत्रात फ्लॅट नंबर, शेअर सर्टिफिकेटचा नंबर, दोघांची पूर्ण नावं, नातं आणि "मतदान करण्यास व निवडणूक लढवण्यास" हे दोन्ही शब्द हवेत. नुसतं मतदान लिहिलेलं पत्र उमेदवारीला पुरत नाही. प्रतीवर सोसायटीचा आवक शिक्का घ्या. थकबाकी असेल तर ती आधी भरा. तीन महिने उलटले की थकबाकीदार ठरतो. आणि मूळ सभासद हयात नसतील तर जुनं संमतीपत्र चालत नाही. तेव्हा त्यांनी सोसायटीत कोणाला नॉमिनी नेमलं होतं, तिथपासून सुरुवात करावी लागते, ते काम वेगळं.

आमच्या वार्षिक ग्राहक सोसायट्यांची नोंदवही आम्ही मतदार यादीआधी तपासतो आणि पत्राचा मसुदा विनाशुल्क देतो. इतरांनी शेअर सर्टिफिकेटची प्रत आणि मेंटेनन्सची शेवटची पावती घेऊन यावं. मात्र यादीवरच्या हरकतींची मुदत संपण्याआधी या. त्यानंतर आमच्याही हातात काही राहत नाही.