तवा सपाट कसा झाला

कोल्हापूरच्या आसपासच्या मळ्यांत, फार्महाऊसवर आणि बंगल्यांच्या गच्चीवर हल्ली एक वस्तू हमखास दिसते. पायांवर उभा केलेला तीन फूट लांब, दोन फूट रुंद सपाट लोखंडी तवा, खाली गॅसचे तीन-चार बर्नर आणि पुढच्या कडेला तेल निथळायला पन्हळ. कुणी त्याला ग्रिडल म्हणतं, कुणी डोसा भट्टी, बरेच जण नुसतं ‘मोठा तवा’ म्हणतात. ऑनलाइन तयार मिळतो, कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, करूनही मिळतो. घेणारे प्रश्न विचारतात तेही ठरलेले: बीड (ओतीव लोखंड) घ्यावं की प्लेट (लाटलेलं पोलाद)? जाडी किती? पावसाळ्यात गंजतो का? या प्रश्नांची उत्तरं तव्याच्या घडणीत आहेत, आणि त्या घडणीचा बराचसा भाग आपल्याच मुलखात झाला आहे.

आधी घरातला तवा बघू. तो खोलगट का असतो? कारण चूल. तीन बाजूंनी आधार, मधोमध जाळ. विस्तव मध्यावर असल्यामुळे मध्य तापतो आणि कडा मागे राहतात. एका वेळी एक भाकरी भाजायची तर हे सोयीचंच. भाकरी टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, आणि शेवटी तवा उतरवून जाळासमोर धरायची म्हणजे टम्म फुगते. तोवर चुलीला जोडलेल्या वैलावर कालवण रटरटत असतं. या सगळ्यात तव्याला कडेपर्यंत सारखं तापण्याची गरज कधी पडलीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तव्याचा आकार स्वयंपाक्यानं ठरवला नाही, तो खालच्या विस्तवानं ठरवला. विस्तव पसरला तेव्हा तवा सपाट झाला.

लोखंडाआधी खापर होतं. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं इ. स. ११३०च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात तापलेल्या खापरावर भाजायचा ‘मंडक’ येतो, म्हणजे आपला मांडा. त्यातच ‘दोसक’ही आहे, डाळीच्या पिठाचा, तव्यावर भाजलेला. त्या काळात आपल्याकडे शिलाहारांचं राज्य होतं. गंडरादित्य शिलाहार हा याच चालुक्यांचा मांडलिक. म्हणजे हे वर्णन काही लांबच्या मुलखातलं नव्हे. बेळगावकडे मांडे आजही उपड्या मडक्यावर टाकतात, आणि तो आकार खोलगटही नाही, सपाटही नाही, चक्क फुगीर आहे. कारण जाळ मडक्याच्या पोटात आहे. इथेही आकार विस्तवाच्याच मागे गेलेला.

पसरलेला विस्तव आपल्याकडे पहिल्यांदा आला तो भाकरीसाठी नाही, गुळासाठी. गुऱ्हाळातली काईल, म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी कढई, ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. एवढ्या रुंद, उथळ भांड्याला मधोमध एक जाळ पुरत नाही. मधला रस करपेल आणि कडेचा थंड राहील. म्हणून काईल ठेवायची ती खोल चुलवाणावर. एका तोंडातून चिपाड आत टाकत राहायचं, दुसऱ्या टोकाला धुराडं, आणि ज्वाळा काईलीच्या पूर्ण तळाखालून ओढली जाते. गुळव्या वरचा फेस बघून जाळ कमी-जास्त करायला सांगतो. रुंद पत्रा सारखा तापवायचा तर विस्तव त्याच्या संपूर्ण तळाखालून फिरवावा लागतो, हे ज्ञान या जिल्ह्यात गावोगाव होतं. मोठ्या तव्याखाली आज तीन-चार नळीचे बर्नर असतात ते नेमकं त्याच कारणानं.

धातूची गोष्ट वेगळी आहे. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली आणि लोखंड, कोळसा, यंत्रांचे भाग इथे येणं सोपं झालं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर ओतले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाचा तुटवडा पडला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं सांगितलं जातं. तोफेचा नांगर झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे पंचगंगा, भोगावती, वारणा यांच्या काठचा ऊस वाढला तसं पाणी उपसायला ऑइल इंजिन लागलं. इंजिन बिघडलं की दुरुस्ती, दुरुस्तीसाठी सुटे भाग, भागांसाठी ओतकाम. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी शाळा-कॉलेजाशिवाय ही विद्या हातात आणली आणि शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फाउंड्र्या देशभरातल्या वाहन कारखान्यांना कास्टिंग पुरवतात. इथल्या माणसाला ‘बीड’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

तरी मोठ्या तव्यासाठी बीड आणि प्लेट यातला फरक सांगायलाच हवा. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो. ते साच्यात छान ओतलं जातं, उष्णता धरून ठेवतं, पण ठिसूळ असतं. साधं पोलाद, म्हणजे एमएस प्लेट, रोलिंग मिलमध्ये लाटलेलं असतं. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. तापलेल्या तव्यावर कुणी गार पाण्याची बादली ओतली तर बीड तडकतं आणि प्लेट वाकते. घरगुती डोशाला, घावनाला बिडाचा तवा उत्तम. बाहेर ठेवायच्या तीन फुटी तव्याला मी प्लेटच घ्या म्हणेन.

सपाट तवा रस्त्यावर आणला तो मात्र स्टोव्हनं आणि गॅसनं. लाकूड-कोळशावर खाण्याची हातगाडी चालवणं अवघड. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला पंपाचा रॉकेल स्टोव्ह आपल्याकडे आला आणि हातगाडीवर कुठेही जाळ नेता येऊ लागला. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ साली बर्मा-शेल कंपनीनं विकायला सुरुवात केली. तो गावोगाव पोचायला पुढची काही दशकं गेली. पावभाजीचा तवा हे या बदलातलं मधलं रूप आहे. त्याच्याखाली एकच गोल बर्नर, म्हणून तो अजून जरासा खोलगट. मध्यावर लोणी, मसाला, टोमॅटो परतायचा, आणि तयार भाजी रिंगण करून थंड कडेला सारून ठेवायची. तव्याची उणीव तिथे कामाला लावली आहे.

डोसा भट्टी पूर्ण सपाट, चौकोनी. उडुपी हॉटेलांनी ती रुळवली. मुंबईत माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली सुरू केलेलं हॉटेल त्यांतलं एक जुनं नाव. पण कोल्हापूरला डोसा मुंबईहून आला असं मला वाटत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर बेळगाव, धारवाड, हुबळी ओलांडलं की दावणगेरे लागतं. तिथला लोणी डोसा, पिठात चुरमुरे घातलेला आणि वर पांढरं लोणी, आपल्याकडे गल्लोगल्ली ‘दावणगेरे’ याच नावानं विकला जातो. एकाच रस्त्यावरचे शेजारी आपण.

खासबागेच्या खाऊगल्लीत संध्याकाळी डोसेवाल्यासमोर दहा मिनिटं उभं राहा. पाण्याचा शिपका मारला की तो थेंबांकडे बघतो. थेंब जागीच चुर्र करून आटले तर ठीक. गोळ्या होऊन पळू लागले तर तवा जास्त तापलाय. अती तापलेल्या लोखंडावर थेंबाखाली वाफेचा थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरानं १७५६ साली हे नोंदवलं. तव्यावर हे साधारण दोनशे अंशांच्या आसपास होतं. तेव्हा पीठ टाकलं तर ते लागलीच धरतं आणि वाटीबरोबर गोळा होऊन येतं. म्हणून अजून थोडं पाणी, त्यावरून खराटा, मग तेलात बुडवलेला अर्धा कांदा. आता पीठ गोल पसरतं, आणि पसरून झाल्यावर तवा हळूहळू वर चढतो तेव्हा खालची बाजू तांबूस होते. पाणी मारणं ही सफाई तर आहेच, पण मुख्यतः ते तापमान खाली आणणं आहे. मोठा तवा घेतलेल्या प्रत्येकानं पहिल्या दिवशी हे शिकावं. आणि पाणी मारायचं ते शिपक्यानं, तांब्यानं ओतायचं नाही.

परदेशातली वाट थोडक्यात. जपानमध्ये कोबेच्या एका हॉटेलानं १९४५ साली गिऱ्हाइकासमोर लोखंडी पाटावर मांस भाजायला सुरुवात केली असं मानलं जातं. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली निघालेल्या बेनिहाना या हॉटेलानं ती पद्धत अमेरिकेत नेली. तिथल्या छोट्या हॉटेलांत सपाट तवा आधीपासून होताच, पण तो घराच्या अंगणात आणण्यात युटामध्ये २००५ साली सुरू झालेल्या ब्लॅकस्टोन कंपनीचा मोठा वाटा. आज इथे ऑनलाइन दिसणारे तवे बहुतेक त्याच नमुन्याचे आहेत.

आता माझ्या तव्याबद्दल. मी तो एका वर्कशॉपमध्ये करून घेतला, सहा मिलिमीटरची प्लेट. तीन बाय दोन फुटांच्या अशा प्लेटचं वजन सव्वीस किलो भरतं. दहा मिलिमीटरची घेतली असती तर चव्वेचाळीस किलो, म्हणजे उष्णता जास्त धरेल, पण तापायला गॅसही तेवढा जास्त खाईल आणि हलवायला दोन माणसं लागतील. तीन मिलिमीटरच्या फंदात पडूच नये, बर्नरच्या रेषा पदार्थावर उमटतात. जाडी बरोबर निवडली होती. चूक दुसरीकडे झाली. कारागिरानं मजबुती म्हणून प्लेट अँगलच्या चौकटीला चारी बाजूंनी सलग वेल्ड केली. पहिल्यांदा पूर्ण तापवली तेव्हा ठण्ण असा आवाज झाला आणि प्लेट मधोमध खाली बसली. तेल सगळं मध्ये जमायला लागलं, ऑम्लेट घसरून एकमेकांवर चढली.

कारण साधं आहे. पोलाद तापलं की वाढतं. तीन फुटांची प्लेट दोनशे अंशांनी तापली तर दोन मिलिमीटरहून थोडी जास्त लांबते. चौकट तेवढी तापत नाही, ती जागा देत नाही, मग प्लेट वर किंवा खाली फुगते. आम्ही वेल्ड कापून काढलं, प्लेट सोडवली, सरळ करून घेतली, आणि खाली चार ठोकळ्यांवर नुसती ठेवली. चारी बाजूंना तीन मिलिमीटर फट. तेव्हापासून ती हलली नाही. करून घेणाऱ्यांनी ही फट आधीच सांगून ठेवावी. पन्हळीकडे किंचित उतारही द्यायला सांगावं.

नव्या प्लेटवर निळसर काळी खपली असते, लाटताना तयार झालेली. ती ग्राइंडरनं पूर्ण उतरवल्याशिवाय तेलाचा थर धरत नाही, नंतर ती अन्नात सुटते. स्वस्त पडतो म्हणून जीआय पत्रा कधीही वापरू नये. त्यावर जस्ताचा लेप असतो आणि टोमॅटो, लिंबू, ताक लागलं की तो अन्नात उतरतो.

तेलाचा थर म्हणजे काय हेही नीट समजून घेतलं पाहिजे. आपल्या आज्या म्हणायच्या ‘तवा मुरला’, तेच हे. अगदी पातळ तेल पुसून, धूर निघेपर्यंत तापवलं की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक काळा थर होतो. जाड तेल लावलं तर तो चिकट राहतो. चार-पाच वेळा पातळ पातळ लावायचं, जवस, करडई, शेंगदाणा, घरात असेल ते. मधली काही दशकं आपण हे विसरलो, कारण औरंगाबादला १९६८ साली सुरू झालेल्या निर्लेप कंपनीचं नाव बिनचिकट तव्याचंच नाव झालं. तो लेप घरच्या मंद आचेवर चांगला, पण २६० अंशांच्या वर तो विघटित होऊ लागतो. चार बर्नरच्या मोठ्या तव्यावर तापमान तिथे सहज पोचतं. बाहेरच्या तव्याला लोखंडच हवं.

रोजची निगा वेळखाऊ नाही. तवा गरम असतानाच सपाट उलथन्यानं खरवडायचा, पाण्याचा शिपका, जाड कापडानं पुसायचा, मग तेलाचा हात. साबण रोज नको. पावभाजी केली असेल तर टोमॅटोचा आंबटपणा थर खातो, त्या दिवशी तेल लावून पुन्हा एकदा धूर येईपर्यंत तापवायचा. सिलिंडर तव्याच्या खाली ठेवायचा नाही, नळीच्या लांबीइतका बाजूला ठेवायचा, आणि हंगामाच्या सुरुवातीला सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. मळ्यात वारा असतो, तो ज्योत एका बाजूला ढकलतो. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याची आडभिंत लावली की निम्मं काम होतं.

खरा शत्रू आपला पावसाळा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी प्लेट चौकटीतून उचलून काढतो. दोन्ही बाजूंना तेल, वर वर्तमानपत्र, आणि गोठ्याशेजारच्या कोरड्या खोलीत भिंतीला उभी. प्लास्टिकमध्ये गुंडाळत नाही, आत ओल धरते. ज्या वर्षी विसरलो त्या वर्षी गौरी-गणपतीला काढली तर सगळी तांबडी झाली होती. विटेचा तुकडा आणि खडं मीठ घेऊन दोघं जण सकाळभर घासत बसलो, दुपारी पाच वेळा तेल चढवलं, आणि संध्याकाळी तीस माणसांची थालीपीठं तिच्यावर उतरली.