समकालीन रशियन भाषा : विद्यापीठीय उच्च अध्ययन

रशियन भाषेच्या पदवी व पदव्युत्तर शिक्षणातील मध्यवर्ती विषय. प्राथमिक व्याकरण आणि संभाषण आत्मसात झाल्यानंतर भाषेची आजची रचना, तिची प्रमाणरूपे आणि त्यांत होत असलेले बदल यांचा पद्धतशीर विचार या टप्प्यावर केला जातो. शब्दसंग्रह व वाक्प्रचार, ध्वनिविचार, लेखननियम, शब्दसिद्धी, रूपविचार, वाक्यविचार आणि विरामचिन्हे हे त्याचे रूढ विभाग होत.

‘समकालीन’ काळ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. परंपरागत मत ‘पुश्किनपासून (एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून) आजपर्यंत’ असे आहे. विज्ञान अकादमीचा सतरा खंडांचा शब्दकोश (१९४८–१९६५) याच व्याप्तीवर उभा आहे. भाषाशास्त्रज्ञ गर्बाचेविच यांनी ही सीमा बरीच अलीकडे, सुमारे १९३० च्या दशकाच्या अखेरीस, आणली. दोन्ही भूमिकांना आधार आहे. पुश्किनचे गद्य आजच्या वाचकाला फारशा टीपांविना समजते, त्यामुळे शब्दसंग्रह आणि वाक्यरचना यांपुरती व्यापक सीमा चालते. उच्चार आणि शब्दयोजना यांबाबत मात्र ती टिकत नाही. जुन्या मॉस्को उच्चारात बेकरीला ‘बूलश्नया’ म्हणत. आज ‘बूलच्नया’ सर्रास चालते. ‘कन्येश्न’ (अर्थात) या शब्दात मात्र ‘श्न’ अजून पक्का आहे. पानोव यांच्या संपादनाखाली १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार खंडांच्या अभ्यासात असे बदल प्रश्नावल्यांच्या आधारे पिढीनुसार तपासले गेले. तो पाहता भाषेच्या प्रत्येक स्तराला स्वतंत्र कालसीमा लावणे अधिक योग्य दिसते.

ध्वनिविचारात विद्यार्थ्याची गाठ दोन संप्रदायांशी पडते. दोहोंचे मूळ भाषाशास्त्रज्ञ बोदुएन द कुर्तने यांच्या विचारांत आहे. जीभ मागे घेऊन उच्चारला जाणारा ‘ई’सारखा स्वर हा स्वतंत्र स्वनिम (शब्दाचा अर्थ बदलू शकणारा ध्वनिघटक) आहे, असे श्चेर्बा यांनी १९१२ मध्ये मांडले. पीटर्सबर्ग (लेनिनग्राड) संप्रदाय त्यानुसार सहा स्वर मानतो. अवानेसोव, सिदोरोव, रिफर्मात्स्की यांचा मॉस्को संप्रदाय त्याला कठोर (जीभ टाळूकडे न उचलता उच्चारलेल्या) व्यंजनानंतर येणारे ‘इ’चेच रूप समजतो आणि पाचांवर थांबतो. ‘दुब’ (ओक वृक्ष) हा शब्द एकटा असताना ‘दुप’ असा ऐकू येतो. पीटर्सबर्गच्या मते येथे अंत्य स्वनिम ‘प’ आहे, मॉस्कोच्या मते ‘ब’च, कारण षष्ठीच्या ‘दूब-अ’ रूपात तो पुन्हा प्रकटतो. रशियन लेखनपद्धतीचे तर्कशास्त्र समजावण्यास मॉस्कोची मांडणी सोयीची आहे. उच्चार शिकवणारा अध्यापक बहुधा पीटर्सबर्गच्या मांडणीकडे झुकतो.

उच्च स्तरावरही क्रियाव्याप्ती (क्रिया पुरी झाली की चालू वा पुन्हापुन्हा घडणारी, हे दाखवणारी पूर्ण व अपूर्ण रूपे) हाच सर्वांत अवघड भाग राहतो. ‘स्दवाल, नो नि स्दाल’ या वाक्यात एकाच क्रियेची दोन्ही रूपे आहेत, आधी अपूर्ण, मग पूर्ण : परीक्षा दिली, पण उत्तीर्ण झालो नाही. अशा जोड्या एकाच क्रियापदाची रूपे की दोन स्वतंत्र क्रियापदे, हा वाद जुना आहे. इसाचेंको यांनी केवळ प्रत्यय लागून झालेल्या जोड्या खऱ्या मानल्या. उपसर्ग लागून झालेली ‘पिसात्य–नपिसात्य’ (लिहिणे) ही परिचित जोडी त्यांच्या मते खरी जोडी नव्हे. मास्लोव यांनी १९४८ मध्ये एक कसोटी दिली. भूतकाळातले कथन ऐतिहासिक वर्तमानात वळवले की पूर्ण क्रियापदाच्या जागी जे अपूर्ण येते, ते त्याचे जोडीदार. वर्गात ही कसोटी वापरण्याजोगी असल्याने अध्यापनात तिचाच आधार अधिक घेतला जातो.

१९६० च्या दशकापासून सुशिक्षितांची अनौपचारिक बोलीही अभ्यासविषय बनली. ‘दाय चेम पिसात्य’ (‘लिहायला काहीतरी दे’, शब्दशः ‘दे कशाने लिहिणे’) अशी रचना लिखित प्रमाणभाषेत बसत नाही, पण मॉस्कोचा प्राध्यापकही घरी ती वापरतो. झेम्स्काया यांनी या बोलीला वेगळी भाषाव्यवस्था मानले. लाप्तेवा आदींनी तिला प्रमाणभाषेचाच एक प्रकार म्हटले. प्रमाणरूपांविषयीची जनभावना किती हळवी आहे, हे सप्टेंबर २००९ मध्ये दिसले. शिक्षण मंत्रालयाने मान्य केलेल्या कोशांत ‘कोफे’ (कॉफी) नपुंसकलिंगी वापरण्यास आणि ‘दगवोर’ (करार) ऐवजी ‘दोगवर’ म्हणण्यास अनौपचारिक बोलण्यापुरती मुभा असल्याचे कळताच वृत्तपत्रांतून मोठा गदारोळ झाला. २००४ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय भाषासंग्रहामुळे (रशियन मजकुरांच्या संगणकीय साठ्यामुळे) असे प्रश्न आता प्रत्यक्ष वापराच्या पुराव्यावर तपासता येतात.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी रशियाची सहा पातळ्यांची राज्य चाचणी आहे. विद्यापीठप्रवेशासाठी साधारणतः पहिली प्रमाणपत्र-पातळी लागते. तिचा शब्दसंग्रह सुमारे २,३०० शब्दांचा असतो. प्रगत अध्ययन दुसऱ्या पातळीपासून धरतात.

भारतात १९६५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली रशियन अध्ययन संस्था पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठात आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूतील विदेशी भाषा विभागात रशियन शिकवली जाते. मराठी भाषकाला तीन लिंगे नवी नसतात. ‘चोर’ आणि ‘चार’ यांतील दोन ‘च’ त्याच्या जिभेवर असल्याने रशियनमधील दंत्य ‘च’ त्याला सहज साधतो. कठोर आणि मृदू (जीभ टाळूकडे उचलून उच्चारलेल्या) व्यंजनांतील भेद मात्र सराव मागतो. ‘ब्रात’ (भाऊ) आणि ‘ब्रात्य’ (घेणे) यांतील दुसऱ्याचा शेवट मृदू ‘त’ने होतो, तेथे स्वतंत्र ‘य’ ऐकू येऊ नये, याकडे सुरुवातीपासून लक्ष द्यावे लागते.