वाघांच्या विमानांवर मुशीचे दात

विमानाच्या नाकावर उघडा जबडा रंगवण्याची हौस पहिल्या महायुद्धाइतकी जुनी. जर्मन रोलांड विमानांवर तेव्हाच डोळे-दात दिसतात. स्क्वॉड्रनच्या खुणाही त्याच काळात रुळल्या: ब्रिटिशांचे पट्टे आणि वर्तुळं, फ्रेंचांचा करकोचा. पण आज ‘शार्कमाउथ’, म्हणजे नाकावरचा शार्कचा जबडा, म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते १९४१चं विमान.

त्या वर्षी ग्रीस-क्रीटच्या लढाईत ब्रिटिशांच्या ११२व्या स्क्वॉड्रनपुढे जर्मन मेसरश्मिट ११० विमानं आली, नाकावर शार्क रंगवलेली. पुढे उत्तर आफ्रिकेत टॉमाहॉक विमानं मिळाल्यावर या वैमानिकांनी शत्रूचंच चित्र उचललं. टॉमाहॉकच्या नाकाखाली रेडिएटरचं मोठं तोंड असतं. भोवती दात काढले की झाला जबडा. मूळ जर्मनांपेक्षा तो या विमानाला जास्त शोभला, हे मान्यच करावं लागतं. नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या एका इंग्रजी सचित्र साप्ताहिकात हे विमान झळकलं. तो अंक चीनच्या बाजूने जपानशी लढायला आलेल्या आणि ब्रह्मदेशात टाउंगूला सराव करणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांच्या हाती लागला. त्यांची विमानंही टॉमाहॉकच, मग काय!

खरा गुंता नावाचा. दात शार्कचे, म्हणजे आपल्या कोकणातल्या मुशीचे, आणि तुकडी म्हणे ‘फ्लाइंग टायगर्स’. त्यांच्या तीन स्क्वॉड्रननी स्वतःसाठी निवडलेली नावं तर ‘ॲडम अँड ईव्ह्ज’, ‘पांडा बेअर्स’ आणि ‘हेल्स एंजल्स’ अशी; त्यांत वाघ कुठेच नाही. कुणी सांगतात, चीनमधल्या, समुद्रापासून दूरच्या कुनमिंगमधल्या लोकांना तो जबडा वाघाचा वाटला. दुसऱ्या मताप्रमाणे वॉशिंग्टनमधल्या चीनसमर्थकांनी नाव शोधलं आणि डिस्नेच्या चित्रकारांकडून पंखवाला वाघ काढून घेतला. मला दुसरं जास्त पटतं. पहिलं जरा फारच गोड आहे. २० डिसेंबर १९४१ला पहिली हवाई लढाई झाली आणि महिना संपायच्या आत ‘टायगर्स’ अमेरिकी नियतकालिकात छापून आले. शार्कचे दात मुळात आले कसे, हे खुद्द तुकडीप्रमुखाला माहीत होतं. त्यांचे वाघ कसे झाले, ते मात्र त्यालाही कळलं नाही. ४ जुलै १९४२ला तुकडी बरखास्त झाली. जबडा मात्र वारसदार अमेरिकी गटाच्या ए-१० विमानांपर्यंत टिकला.

आपल्याकडे नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचा पांढरा वाघ सी हॉकपासून सी हॅरियरमार्गे गोव्यातल्या मिग-२९केपर्यंत आला. तिथं चित्रही वाघाचं आणि नावही ‘व्हाइट टायगर्स’. आणि २०२०मध्ये तंजावरला सुखोई-३० घेऊन पुन्हा उभी राहिलेली हवाई दलाची २२२वी स्क्वॉड्रन ‘टायगरशार्क्स’ म्हणवते. हा मासा मात्र समुद्रात खरोखरच आहे.